प्राथमिक शाळांचा विस्तार आणि स्वच्छतेचे न मांडलेले गणित : शिक्षण हक्क अधिनियमाच्या अनुसूचीचे चिकित्सक वाचन

प्रस्तावना

शैक्षणिक कायद्यांची चर्चा आपल्याकडे बहुधा त्यांच्या उद्देशांवरून आणि कलमांवरून होते. कायद्याच्या शेवटी जोडलेली अनुसूची सहसा अभ्यासकांच्या नजरेतून सुटते. ती वाचतो जिल्हा परिषदेचा अभियंता, गटशिक्षणाधिकारी आणि तपासणीच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापक. वास्तविक शाळा जमिनीवर कशी उभी राहील, हे ठरते ते याच पानावर. ‘बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९’ हा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या अनुसूचीत शाळेसाठीची मानके व निकष दिलेले आहेत. प्रस्तुत लेखात या अनुसूचीकडे एक संहिता म्हणून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. तिच्यात काय मोजले गेले, काय केवळ नोंदवले गेले आणि कशाचा उच्चारही झाला नाही, हे तपासणे हा या वाचनाचा हेतू आहे.

लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे. शाळा वाढते तेव्हा शिक्षक आणि वर्गखोल्या पटसंख्येच्या प्रमाणात वाढाव्यात, अशी तरतूद अनुसूचीने केली. परंतु त्याच पटाबरोबर वाढणारे मलमूत्र, सांडपाणी, पाण्याची गरज आणि जमिनीवरील भार यांना तिने कोणत्याही प्रमाणात बांधले नाही. स्वच्छतागृहांच्या दुरवस्थेचा दोष आपण सामान्यतः अंमलबजावणीच्या माथी मारतो. त्या दोषाचा मोठा भाग मूळ संहितेच्या रचनेतच आहे.

एका शब्दप्रयोगाचा प्रवास

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर १९८७ मध्ये खडू-फळा योजना सुरू झाली. प्रत्येक प्राथमिक शाळेस सर्व ऋतूंत वापरता येतील अशा किमान दोन खोल्या, किमान दोन शिक्षक आणि मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे असावीत, अशी तिची भूमिका होती. एकशिक्षकी, एकखोली शाळांनी भरलेल्या देशात ही अपेक्षा लहान नव्हती. पुढे १९९४ पासून जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम आला. महाराष्ट्रात पहिल्या टप्प्यात मराठवाड्यातील जिल्हे त्यात समाविष्ट झाले. त्यापाठोपाठ सर्व शिक्षा अभियान आले. अभियानाने बांधकामावरील खर्चास एकूण खर्चाच्या ३३ टक्के अशी मर्यादा घातली होती. महाराष्ट्रात याच सुमारास वस्तीशाळा निघाल्या आणि शाळा वाडीवस्तीपर्यंत पोहोचली. इमारत मात्र तिच्यामागून, कित्येक ठिकाणी फारच मागून आली.

या सर्व योजनांतून ‘मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे’ हा शब्दप्रयोग जवळजवळ जसाच्या तसा वाहत आला आणि २००९ च्या अनुसूचीत स्थिरावला. १९८७ मध्ये तो दोनखोली शाळेसाठी पुरेसा होता. बावीस वर्षांनंतर तोच शब्दप्रयोग आठवीपर्यंतच्या आणि दोनशेहून अधिक पटाच्या शाळेलाही लागू झाला. शाळा वाढली, तिचे वर्णन करणारे वाक्य वाढले नाही.

निधीची वाटणी हा या प्रवासातील दुसरा धागा आहे. वर्गखोल्या शिक्षण विभागाच्या निधीतून बांधल्या जात होत्या. ग्रामीण शाळांतील स्वच्छतागृहे १९९९ च्या संपूर्ण स्वच्छता अभियानातून, म्हणजे पाणीपुरवठा व स्वच्छता यंत्रणेकडून येत. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी शिजवलेल्या मध्यान्ह भोजनाचा आदेश दिला. त्यानंतर स्वयंपाकगृहे आली ती तिसऱ्याच योजनेतून. एकाच आवारात तीन योजनांनी, तीन वेगवेगळ्या वर्षांत, तीन अंदाजपत्रकांनिशी बांधकामे केली. आवाराचा एकत्रित नकाशा मात्र यांपैकी कोणत्याही योजनेची अट नव्हती. मोकळ्या दिसणाऱ्या जागेत नवी खोली उभी राहिली. त्या जागेखाली जुना शोषखड्डा आहे की नाही, हे विचारणे कोणाच्याच कामाचा भाग नव्हते.

अनुसूचीचे वाचन

अनुसूचीतील पहिली बाब शिक्षकसंख्येची आहे. पहिली ते पाचवीसाठी साठपर्यंत पट असल्यास दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार, १२१ ते २०० ला पाच. दीडशेच्या वर मुख्याध्यापक आणि दोनशेच्या वर चाळीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक ही मर्यादा. पटाच्या प्रत्येक पायरीला येथे उत्तर आहे. दुसरी बाब इमारतीची. तिच्यात प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली सांगितली आहे. म्हणजे खोल्यांची संख्याही शिक्षकसंख्येच्या मार्गाने पटाशीच जोडलेली आहे. येथपर्यंत संहिता तर्कशुद्ध आहे.

यानंतर मात्र तिचा स्वर बदलतो. अडथळाविरहित प्रवेश, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याच्या पाण्याची सुरक्षित व पुरेशी सोय, भोजन शिजविण्यासाठी स्वयंपाकगृह, क्रीडांगण, कुंपण. या बाबी ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढ्या एकाच उत्तराची अपेक्षा करतात. पाण्याच्या बाबतीत निदान ‘पुरेशी’ आणि ‘सर्व मुलांना’ हे शब्द तरी आहेत. स्वच्छतागृहाच्या वाट्याला तेही आले नाहीत. त्यातही पाणी आहे ते पिण्याचे. स्वच्छतागृहात वापरण्याचे पाणी, हात धुण्याचे पाणी, भांडी घासण्याचे पाणी आणि या सर्वांचा निचरा यांचा अनुसूचीत उल्लेख नाही. सफाई कोण करील, याचाही नाही.

हे प्रमाण ठरवणे अशक्य होते, असे मात्र म्हणता येत नाही. मध्यान्ह भोजन योजनेत डिसेंबर २००९ पासून स्वयंपाकगृहाचे क्षेत्रफळ पटाशी जोडले गेले. शंभर मुलांपर्यंत २० चौ.मी. आणि पुढील प्रत्येक शंभरपर्यंतच्या वाढीस ४ चौ.मी. असे ते सूत्र आहे. स्वच्छतागृहांसाठीही २०१४ च्या स्वच्छ विद्यालय मोहिमेच्या मार्गदर्शक पुस्तिकेत शक्यतो चाळीस विद्यार्थ्यांमागे एक शौचकूप व तीन मुताऱ्या, हे प्रमाण सुचविले गेले. परंतु पुस्तिकेतील ‘शक्यतो’ आणि कायद्याच्या अनुसूचीतील बंधन यांत अंतर आहे. मुलांच्या अन्नाला शासनाने कोष्टक दिले. अन्नाच्या पुढच्या अवस्थेला दिले नाही.

पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची यंत्रणा ही उणीव भरून काढील, अशी आशा करण्यातही अर्थ नाही. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे बांधकाम प्रकल्पांना पूर्वमंजुरीची अट लागू होते ती २०,००० चौ.मी. बांधीव क्षेत्रापासून. शैक्षणिक इमारतींना या अटीतून दिलेली सूट सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये रद्द केली आणि तिची योग्य ती चर्चाही झाली. परंतु जिल्हा परिषदेची शाळा त्या उंबरठ्याच्या जवळपासही कधी जात नाही. तिचा आघात लहान म्हणून कायद्याला दिसत नाही. असे लहान आघात राज्यभर हजारो ठिकाणी होतात, आणि प्रत्येक ठिकाणी ते मुले जे पाणी पितात त्याच पाण्याच्या शेजारी होतात.

खड्ड्याचे गणित

ग्रामीण शाळेत सर्वाधिक शिफारस होते ती दोन शोषखड्ड्यांच्या शौचालयाची. एक खड्डा वापरात ठेवायचा, तो भरला की प्रवाह दुसऱ्यात वळवायचा आणि पहिल्याला विश्रांती द्यायची. साधारण दीड ते दोन वर्षे बंद राहिल्यास त्यातील मैल्याचे निर्धोक खत होते. रचना अत्यंत समंजस आहे. तिची सारी मदार मात्र काळावर आहे, आणि काळ अवलंबून आहे वापरणाऱ्यांच्या संख्येवर.

समजा, साठ मुलांच्या शाळेत एक खड्डा चार वर्षांत भरतो. तो भरल्यावर दुसरा वापरात येतो आणि तोही भरेपर्यंत पहिल्याला चार वर्षे विश्रांती मिळते. पट १२० झाला की हा अवधी दोन वर्षांवर येतो. म्हणजे सुरक्षिततेच्या कडेवर. पट १८० झाल्यास तो सोळा महिने उरतो. आता पहिला खड्डा उघडावा लागेल तेव्हा आतला मैला निर्धोक झालेला नसेल. बांधकामात एकही दोष नसताना, एक वीटही न ढासळता, केवळ वर्ग जोडल्यामुळे सुरक्षित शौचालयाचे असुरक्षित शौचालय होते. शिवाय खड्डा केवळ घन पदार्थ साठवत नाही, तो पाणीही मुरवतो. मुरवण्यासाठी उपलब्ध असलेला भिंतींचा पृष्ठभाग तेवढाच राहतो आणि पाणी दुप्पट येते. त्यामुळे वर दिलेली मुदत संपण्याच्या आधीच खड्डा तुंबण्याचा संभव असतो.

येथे महाराष्ट्राच्या भूमीचा विचार अपरिहार्य ठरतो. शोषखड्डा आणि पाण्याचा स्रोत यांतील अंतराबाबतचे आपले निकष प्रामुख्याने मातीच्या गाळण्याच्या क्षमतेवर आधारलेले आहेत. बारीक कणांची माती आणि खड्ड्याच्या तळापासून किमान दोन मीटर खाली भूजल असेल, तर तीन मीटर अंतरही पुरेसे मानले जाते. भूजल वर असेल तर किमान दहा मीटर. मात्र राज्याचा बहुतांश भाग बसाल्ट खडकाचा आहे. वरचा मातीचा थर पातळ असला की पाणी भेगाभेगांतून वाहते. ते गाळले जात नाही. अशा जागी मीटरमधले अंतर हे आश्वासन ठरत नाही. काळ्या मातीच्या पट्ट्यात अडचण उलट आहे. ती माती पावसाळ्यात फुगते, पाणी मुरू देत नाही आणि खड्डा जुलै-ऑगस्टमध्येच वर येतो. कोकणातील जांभ्यात पोकळ्या असतात आणि विहीर बहुधा उताराच्या खालच्या अंगाला असते. खोल्यांचा एकच नमुना-आराखडा तिन्ही ठिकाणी एक वेळ चालेल. खड्ड्याचा चालणार नाही.

छपराचे पाणी हाही विस्ताराचाच परिणाम आहे, परंतु त्याची नोंद कोठेच होत नाही. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. ५० चौ.मी. छपराच्या एका नव्या खोलीवर ३,००० मि.मी. पावसाच्या प्रदेशात वर्षाला दीड लाख लिटर पाणी पडते. पूर्वी ते मोकळ्या जमिनीवर पसरत होते. आता ते पागोळीच्या रेषेत एकवटून उताराने धावते. त्या उतारावर शोषखड्डा असेल तर तो बुडतो. टाकी असेल तर तेच पाणी डिसेंबरपर्यंत स्वच्छतागृहाला पुरवता येते. दोहोंतील फरक पन्हळीच्या दिशेचा आहे. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही, आराखडा काढताना एकदा आवारात फिरावे लागते.

पाण्याच्या गरजेचे गणितही याच स्वरूपाचे आहे. भारतीय मानकाप्रमाणे दिवसशाळेस दरडोई ४५ लिटर पाणी लागते. १५० मुलांना ते ६,७५० लिटर होते. ग्रामीण भागात याच्या निम्मे धरले तरी हजार लिटरची टाकी दिवसातून तीनदा भरावी लागेल. तीव्र उताराच्या ग्रामीण पात्राला दीड-दोन लिटर पाणी पुरते. म्हणून पात्राची निवड हा सुद्धा पाण्याचाच निर्णय आहे. नव्या इमारतीला ‘शोभेल’ म्हणून शहरी धाटणीचे पात्र बसविण्याचा मोह ग्रामपंचायतींना होतो. ते पात्र पहिल्या उन्हाळ्यातच कुलपात जाते.

मोजणीची मोहीम आणि लेखापरीक्षण

सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्व राज्यांना सहा महिन्यांत शाळांत स्वच्छतागृहे व पाणी पुरविण्याचे निर्देश दिले. १५ ऑगस्ट २०१४ रोजी पंतप्रधानांनी वर्षभरात प्रत्येक शाळेत स्वतंत्र स्वच्छतागृहे बांधण्याची घोषणा केली आणि वर्षभरात ४ लाख १७ हजारांहून अधिक स्वच्छतागृहे झाल्याचे जाहीर झाले. त्यांतील मोठा वाटा केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांनी उचलला होता. या कामाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. ज्या शाळेत काहीच नव्हते तेथे काहीतरी आले, आणि मुलींच्या दृष्टीने त्या ‘काहीतरी’चा अर्थ फार मोठा होता.

तथापि नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी या उपक्रमांनी बांधलेल्या स्वच्छतागृहांची नमुना तपासणी केली. सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत सादर झालेला तो अहवाल प्रत्येक शिक्षणशास्त्राच्या विभागात वाचला जावा, इतका महत्त्वाचा आहे. १५ राज्यांतील २,०४८ शाळांतील २,६९५ स्वच्छतागृहे पाहण्यात आली. त्यांतील ८३ बांधलेलीच नव्हती. उरलेल्या २,६१२ पैकी २०० कागदावर होती, जागेवर नव्हती. ८६ अर्धवट होती. प्रत्यक्षात उभ्या असलेल्यांपैकी ६९१, म्हणजे सुमारे ३० टक्के, वापरात नव्हती. ७२ टक्के स्वच्छतागृहांत वाहते पाणी नव्हते. दररोज किमान एकदा सफाईचा निकष सुमारे तीन-चतुर्थांश ठिकाणी पाळला जात नव्हता.

वृत्तपत्रांनी उचलून धरले ते ‘कागदावरील’ दोनशे. तो भ्रष्टाचाराचा मामला असल्याने ते स्वाभाविकच होते. माझ्या मते अहवालातील खरी धक्कादायक गोष्ट ७२ टक्क्यांची आहे, कारण तेथे कोणी पैसे खाल्लेले असण्याची गरज नाही. जे मागितले तेच बांधले गेले. मागणीत पाणी संख्येने नव्हते, म्हणून बांधकामातही ते आले नाही. या अहवालाची एक मर्यादाही नोंदवायला हवी. फुटलेले व ओसंडणारे शोषखड्डे त्यात आढळतात, पण ते बांधकामातील त्रुटींच्या यादीत, पाया व पायऱ्यांच्या शेजारी. वर मांडलेले गणित मान्य केल्यास ओसंडणारा खड्डा हा गवंड्याचा दोष असेलच असे नाही. तो पटवाढीचा अपेक्षित परिणामही असू शकतो. लेखापरीक्षक संहितेच्या चौकटीतच मोजतो, आणि चौकटीत ‘या खड्ड्यावर किती मुले?’ असा रकाना नाही.

सफाई कोणाची?

हा प्रश्न पर्यावरणाच्या लेखात अप्रस्तुत वाटेल, परंतु प्राथमिक शाळेत तो टाळून पुढे जाता येत नाही. समग्र शिक्षा योजनेतील संयुक्त शाळा अनुदान पटानुसार ठरते. १०१ ते २५० पटाच्या शाळेस ते वर्षाला ५०,००० रुपये आहे आणि त्यातील किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करणे अपेक्षित आहे. म्हणजे ५,००० रुपये. कायद्याने पहिली ते पाचवीसाठी ठरवलेल्या २०० दिवसांवर ते वाटले तर रोजचे २५ रुपये होतात. ‘किमान’ हा शब्द येथे आहे हे खरे. पण उरलेल्या रकमेतून वीजबिल, दुरुस्ती, खडू, नोंदवह्या हे सर्व भागवायचे असते. पंचवीस रुपयांत फिनाईल येते, माणूस येत नाही.

माणूस येत नाही तेव्हा काम मुलांकडे जाते. आणि कोणत्या मुलांकडे जाते, हे आपल्या समाजात वेगळे सांगण्याची आवश्यकता नसावी. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर आकारास आलेल्या नई तालीममध्ये सफाई हा अभ्यासक्रमाचा भाग होता, असा युक्तिवाद यावर होतो. तो युक्तिवाद करणाऱ्यांनी अप्पासाहेब पटवर्धनांचे चरित्र पाहावे. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी सफाईकाम मिळावे म्हणून उपोषण केले, ते एका विशिष्ट जातीवर लादलेले काम स्वतःकडे घेण्यासाठी. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमातून त्यांनी मैल्याला हात लागणार नाही अशा सोप्या संडासाचा प्रसार केला. देहूच्या डॉ. मापुसकरांनी शौचालयास जैववायू संयंत्र जोडण्याचे काम हयातभर केले, त्याचीही दिशा हीच होती. या परंपरेत सफाईचे शिक्षण आणि सफाईचे तंत्र एकत्र होते. पाण्याविना असलेली, भरलेल्या खड्ड्यावरची शौचालये मुलांकडून धुवून घेणे ही तिची परंपरा नव्हे. खड्डा विश्रांतीआधी उघडावा लागला तर तो कोणीतरी हातानेच उपसणार. २०१३ च्या कायद्याने ज्याला बंदी केली, त्याची वेळ पटवाढीने अशी आणली जाते.

एक आक्षेप

अनुसूचीच्या बाजूने एक गंभीर आक्षेप घेता येतो. मानके जितकी तपशीलवार, तितकी ती गरीब वस्तीतील लहान शाळा बंद करण्याचे हत्यार होतात. म्हणून संहितेने किमान तेवढेच मागितले आणि तपशील राज्यांवर सोडला, हे शहाणपणच होते. या म्हणण्यात तथ्य आहे. भौतिक सुविधांसाठी दिलेली मार्च २०१३ ची मुदत संपल्यावर अनेक राज्यांत अल्प शुल्काच्या शाळांना मान्यतेच्या अडचणी आल्या, हे आपण पाहिले आहे. परंतु हा आक्षेप अस्तित्वात असलेल्या शाळेच्या मान्यतेला लागू होतो, तिच्या विस्ताराला नाही. शासन स्वतःच्या निर्णयाने पाचवी व आठवीचे वर्ग जोडते तेव्हा नवा भार शासन निर्माण करत असते. त्याचे मोजमाप मागणे म्हणजे शाळेवर अट लादणे नव्हे. आठवीचा वर्ग जोडण्याचा निर्णय तर पाळी आलेल्या मुलींना त्या आवारात आणतो. त्यांच्या पॅडची विल्हेवाट हा विस्ताराच्या आदेशातच यायला हवा असा विषय आहे. तो तेथे नसतो, म्हणून नंतर देणगीदाखल लहान दाहकयंत्र येते आणि अपुऱ्या तापमानाला प्लास्टिक जळल्याचा विषारी धूर वर्गाच्या खिडकीशी येतो.

राज्यांवर तपशील सोडला, हेही अर्धेच खरे आहे. अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीने शाळा विकास आराखडा करायचा आहे. केंद्राच्या आदर्श नियमांनुसार त्यात पुढील तीन वर्षांचा वर्गनिहाय पटाचा अंदाज आणि वाढीव भौतिक सुविधांची गरज मांडणे अपेक्षित आहे. म्हणजे खड्ड्याच्या गणिताला लागणारी मूळ संख्या आराखड्यात आधीच आहे. ती खोल्यांसाठी वापरली जाते, खड्ड्यासाठी वापरली जात नाही.

समूह शाळांच्या निमित्ताने

आज महाराष्ट्रात अनेक जिल्हा परिषद शाळांचा पट घटत असताना विस्ताराची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण विभागाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागविले. अशा शाळांची संख्या १४ हजारांहून अधिक होती. पानशेत आणि तोरणमाळ ही उदाहरणे त्यावेळी पुढे ठेवली गेली. लहान शाळा बंद करण्याच्या इष्टतेवर बरेच लिहिले गेले आहे आणि अंतराचा, मुलींच्या गळतीचा मुद्दा मला निर्णायक वाटतो. पण त्या वादाच्या पलीकडे एक साधी भौतिक वस्तुस्थिती आहे. दहा वाड्यांवर विखुरलेला भार एका आवारात, एका विंधन विहिरीशेजारी आणून ठेवणे हाही विस्तारच आहे, आणि तो वर्षावर्षाने नव्हे तर एका जूनमध्ये होतो. सह्याद्रीच्या वा सातपुड्याच्या उतारावर पातळ मातीच्या थरात तो मुरवायचा असतो.

अशा प्रस्तावासोबत बसची सोय, खोल्यांची संख्या, शिक्षकांचे समायोजन यांचे तक्ते असतात. त्यांना एक पान जोडणे कठीण नाही. त्यावर आवाराचा हाताने काढलेला नकाशा असावा. विहीर वा हातपंप, जुने-नवे शोषखड्डे, स्वयंपाकगृहाचा सांडपाण्याचा पाट, जमिनीचा उतार आणि पागोळीची दिशा त्यात दाखवावी. खाली तीन वर्षांनंतरचा पट, प्रत्येक खड्ड्यामागे येणारी मुले आणि उन्हाळ्यातील पाण्याची रोजची उपलब्धता लिहावी. अभियंत्याची सही खोल्यांच्या अंदाजपत्रकावर होते, तशी या पानावरही व्हावी, आणि ती झाल्याशिवाय नव्या खोलीचा पहिला हप्ता सोडू नये. भूगोल व पर्यावरणशास्त्राचे विभाग असलेल्या महाविद्यालयांना हे पान तयार करण्यात तालुक्यातील शाळांना मदत करता येईल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरात दोन-तीन शाळांचे नकाशे सहज होतात, आणि मे महिन्यात त्याच विहिरींची पाणीपातळी पुन्हा मोजता येते.